तिकीट क्लोज्ड, खुर्ची मोडलेलीच!

कॉलेजं सुरू झाली की नाशिकमध्ये दरवर्षी तीच धावपळ दिसते. कळवण, सटाणा, धुळे, नंदुरबारहून आलेली मुलं-मुली गंगापूर रोड, कॉलेज रोड, पंचवटी, आडगाव भागात रूम घेतात, डिपॉझिट भरतात आणि रिकाम्या खोलीत उभं राहून यादी करतात. गादी, स्टडी टेबल, खुर्ची, कपडे ठेवायला एखादं कपाट. बजेट पाच-सहा हजार, तेही घरून आलेलं. मग रात्री मोबाइलवर स्क्रोलिंग, '७० टक्के ऑफ', शेकडो रिव्ह्यू आणि ऑर्डर प्लेस्ड!

खोकं येतं. टेबलाच्या एका पायाला स्क्रूचं भोकच नसतं. किंवा सगळं नीट जुळतं, पण दोन आठवड्यांत खुर्चीचं हायड्रॉलिक खाली बसतं. तुम्ही ॲपवर फोटो टाकता. 'तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असा मेसेज येतो. तीन दिवसांनी दुसरा येतो : 'युअर टिकेट इज क्लोज्ड'. खुर्ची मात्र तशीच. फोन लावला तर प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि तुम्ही पहिल्यापासून तीच कहाणी सांगताय. आठवडाभरात परीक्षा येते, मित्र म्हणतो 'सोड ना यार', आणि तुम्ही सोडून देता.

तुमचं हे 'सोडून देणं' नेमकं कोणाच्या फायद्याचं असतं, याचा विचार केलाय कधी?

ढिसाळपणातला हिशेब

वरवर हा ढिसाळ कारभार वाटतो. पण नीट बघा. टी-शर्ट परत न्यायचा तर एक पिशवी पुरते. कपाट परत न्यायचं तर टेम्पो लागतो, दोन माणसं लागतात, आणि एकदा जोडून उकललेलं कपाट पुन्हा नवं म्हणून विकता येत नाही. म्हणजे दोष मान्य केला की कंपनीला खर्चच खर्च. चार हजारांच्या खुर्चीसाठी भांडणाऱ्या ग्राहकापेक्षा कंटाळून गप्प बसलेला ग्राहक कंपनीला खूप स्वस्त पडतो. प्रत्येक कंपनी मुद्दाम असं करते असं नाही, पण तुम्हाला कंटाळा येईल अशी व्यवस्था सुधारायची घाई तिला का असावी?

त्यात भर म्हणजे टोलवाटोलवी. विक्रेता म्हणतो, माल कुरिअरवाल्याने आपटला. कुरिअरवाला म्हणतो, आम्ही सील असलेलं खोकं दिलं. जोडायला आलेला माणूस म्हणतो, मी बाहेरचा, मला कंपनीचं माहीत नाही. आणि ज्या ॲपवर पैसे भरले ते म्हणतं, आम्ही फक्त मध्यस्थ.

या शेवटच्या उत्तराची एकदा चांगलीच झाडाझडती झाली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला एक लाख रुपयांचा दंड ठोठावला. कारण होतं, सक्तीच्या मानकात न बसणारे प्रेशर कुकर तिच्या प्लॅटफॉर्मवर विकले गेले होते. असे २,२६५ कुकर घेणाऱ्या ग्राहकांना कळवा, कुकर परत मागवा आणि पैसे परत करा, असा आदेश होता. प्रत्येक विक्रीतून तुम्ही फी कमावता, मग वस्तूत खोट निघाल्यावर हात झटकता येणार नाहीत, असा प्राधिकरणाचा मुद्दा होता. कंपनी पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तो भाग वेगळा. पण 'आम्ही फक्त मध्यस्थ' हे वाक्य ऐकून मान डोलवायची गरज नाही, एवढं त्यातून कळलं.

कायदा तुमच्या खोलीपर्यंत आलाय

ग्राहक संरक्षण कायदा देशात १९८६ मध्ये आला. त्याच्या बारा वर्षं आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली होती. ग्राहकांनी एकत्र येऊन आवाज उठवायचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. आता लागू आहे तो २०१९ चा कायदा, जुलै २०२० पासून. त्यातले काही बदल विद्यार्थ्यांच्या थेट कामाचे आहेत आणि कॉलेजात ते फारसं कोणी सांगत नाही.

पहिला बदल जागेचा. बिलाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'सर्व वाद बेंगळुरू न्यायालयाच्या अधीन'. ते वाचून आपण हबकतो. पण नव्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, नाशिकमध्ये राहणाऱ्याला नाशिकचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे.

दुसरा पैशांचा. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, तुमची बाजू तुम्ही स्वतः मांडू शकता. तक्रार ऑनलाइन भरता येते. त्यासाठी जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' हे सरकारी पोर्टल आहे. व्हिडिओ कॉन्फरन्सवर सुनावणी घ्या, अशी विनंतीही करता येते.

तिसरा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो : 'पण पैसे तर पप्पांनी भरले!' काही बिघडत नाही. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच आहे. फर्निचर भाड्याने घेतलं असेल तरी तुम्ही सेवा घेणारे ग्राहक आहात.

चौथा मुद्दा घड्याळाचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि निवारण एका महिन्यात करायचं. प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येक तक्रारीला तिकीट नंबर मिळायला हवा. माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत दाखवल्यासारखा नसला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणून तिकीट 'क्लोज' झाल्याचा मेसेज आला की घाबरू नका, स्क्रीनशॉट काढा. काम न करता तक्रार बंद केली, याचा तोच पुरावा आहे.

दुकानातून घेतलं असेल तर?

शालिमार, मेन रोडपासून सातपूर-अंबडपर्यंत फर्निचरची दुकानं आणि कारखाने भरपूर आहेत. इथे एक सोय असते. माणूस समोर असतो, त्याला तोंड दाखवावं लागतं. बऱ्याचदा मालक स्वतः सुतार पाठवून काम करून देतो. पण अडचण येते ती कच्च्या पावतीची. 'पक्कं बिल हवं तर जीएसटी लागेल, कशाला उगाच?' हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. ते चारशे-पाचशे रुपये वाचवताना तुम्ही आपली बाजूच सोडून देता. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढ्या काळात, आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे.

पण आपलीही बाजू तपासायला हवी. रंग आवडला नाही, रूममध्ये बसत नाही, दुसरीकडे स्वस्त मिळालं, या गोष्टी दोष नाहीत. त्यासाठी रिटर्न मिळाला तर ती कंपनीची पॉलिसी, तुमचा हक्क नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी. नाशिकच्या पावसात गळक्या भिंतीला टेकवून ठेवली तर ती फुगणारच, आणि फुगलेल्या फळीत स्क्रू धरत नाही. मात्र 'सॉलिड वूड' म्हणून पैसे घेतले आणि आतून चुरा निघाला, तर ती सरळ फसवणूक आहे. म्हणून घेतानाच बिलावर मटेरियल लिहून घ्या. खुर्च्या, टेबलं, कपाटं, पलंग यांच्यासाठी भारतीय मानकं २०२२ मध्ये तयार झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. कुकर घेताना आई आयएसआय मार्क बघते, तसं खुर्ची घेताना विचारायला काय हरकत आहे?

लढायचं कसं?

सुरुवात खोकं उघडण्याआधी होते. रूममेटला मोबाइल धरायला सांगा आणि सील, लेबल आणि आतला माल एकाच सलग व्हिडिओत घ्या. दोष दिसला की त्याच दिवशी लेखी कळवा. फोनवर बोललात तरी नंतर दोन ओळींचा ईमेल टाका : 'आज अमुक वाजता आपल्या प्रतिनिधीशी बोललो, त्यांनी असं सांगितलं.' काय हवंय तेही स्पष्ट लिहा. बदलून हवं, दुरुस्ती हवी की पैसे परत? 'प्लीज डू समथिंग' एवढंच लिहिलं तर कंपनी दहा टक्क्यांचं कुपन देऊन मोकळी होते.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. रिफंडच्या नावाखाली ते लिंक पाठवतात किंवा स्क्रीन शेअर करायला लावतात आणि खातं रिकामं होतं. नंबर ॲपमधूनच घ्या. फसलातच तर लगेच १९३० वर कळवा.

महिना उलटला आणि काही झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत अधिकृत मार्गाने पोचवते. तिथेही नाही जमलं तर कंपनीला लेखी नोटीस आणि मग जिल्हा आयोग. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. आयोगाची नोटीस गेल्यावर समोरच्याला ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ४५ दिवसांच्या पुढे सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

आता कडू भाग. कायदा म्हणतो, प्रकरण तीन महिन्यांत आणि वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाली निघावं. प्रत्यक्षात अनेकदा तसं होत नाही. आयोगांवरच्या रिकाम्या पदांचा विषय सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून हाती घ्यावा लागला होता. नेमणुकांच्या नियमांवरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वाद झाला, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागायला मार्च २०२३ उजाडलं. म्हणजे ग्राहकाला थकवण्यात कधी कधी सरकारचाही हातभार लागतो. चार हजारांसाठी आयोगात वर्ष गेलं, तर तुमची डिग्री संपेल आणि तुम्ही पुण्याला नोकरीला लागाल. हा हिशेब कंपनीही करते.

मग कशाला जायचं? बेंगळुरूमधल्या एका ग्राहकाचं उदाहरण बघा. फर्निचरमधली जगप्रसिद्ध कंपनी आयकिया. तिने लोगो छापलेल्या पिशवीचे २० रुपये घेतले म्हणून ही ग्राहक आयोगात गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल लागला : २० रुपये परत, वर एक हजार भरपाई आणि दोन हजार खर्च. रक्कम बघून हसू येईल. पण त्या तीन हजारांसाठी कंपनीला वकील उभा करावा लागला आणि बातमी देशभर छापून आली. गप्प बसलेल्या ग्राहकाचा स्वस्तपणा तिथे संपला.

तुम्हाला तर एकटं जायचीही गरज नाही. एकाच प्रकारची तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. एकाच होस्टेलमध्ये आठ जणांनी एकाच कंपनीची खुर्ची घेतली आणि पाच मोडल्या, तर आठ वेगवेगळे वैतागलेले व्हॉट्सॲप स्टेटस ठेवण्यापेक्षा एक तक्रार जास्त कामाची. लॉच्या मित्राला मसुदा लिहायला बसवा, त्याचाही सराव होईल.

बाजारात वस्तूची किंमत आधीच्या ग्राहकांनी काय खपवून घेतलं त्यावरही ठरते. पुढच्या जूनमध्ये तुमचा कोणी ज्युनिअर तीच खुर्ची, तोच '७० टक्के ऑफ' बघून ऑर्डर करणार आहे. तुमची तक्रार कुठे नोंदलीच गेली नाही, तर कागदोपत्री ती खुर्ची उत्तम आहे. तेव्हा ईमेलमधलं ते बिल शोधा, तारीख बघा. दोन वर्षं झाली नसतील, तर तिकीट 'क्लोज' झालंय असं कंपनीला म्हणू द्या, तुमच्या हातात अजून वेळ आहे.