कुजबुज लावून दाखवा

होम थिएटरच्या दुकानात शिरलं की आधी हेलिकॉप्टर येतं. ते मागून डोक्यावरून पुढे जातं, मग काहीतरी फुटतं, काचा सांडतात आणि विक्रेता आपल्या चेहऱ्याकडे बघतो. या आठवड्यात भाच्याबरोबर दुकानं हिंडलो. जिथे जाऊ तिथे हेच हेलिकॉप्टर. दोन माणसं खालच्या आवाजात बोलतायत असं दृश्य एकानंही आपणहून लावलं नाही, आणि याचा मला मनापासून राग आला.

गणपतीतल्या भिंतींएवढ्या स्पीकरांवर मी लिहिलं होतं, तेव्हा काही वाचकांनी कळवलं की मला आवाजच नको असतो. तसं नाही. मला आवाज हवा असतो, पण तो नीट ऐकू यायला हवा असतो.

भाच्यानं पुण्यात सिंहगड रोडला फ्लॅट घेतलाय. हॉल अकरा बाय सतरा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, डावीकडे बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, उजवीकडे स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज. आपल्याकडच्या निम्म्या हॉलची हीच रचना असेल. तरीही विक्रेत्यानं खोलीचं माप विचारलं नाही, सोफा कुठे आहे विचारलं नाही. ‘सेव्हन पॉइंट वनच घ्या सर, फाइव्ह पॉइंट वन आता कोणी घेत नाही,’ एवढंच. आणि इंटिरियरवाल्यानं आधीच सांगून ठेवलेलं, की मागचे स्पीकर फॉल्स सीलिंगमध्ये बसवून टाकू, दिसणारही नाहीत.

तेव्हा माहिती एकदाची सांगून टाकतो. ५.१ म्हणजे पुढे डावा, मधला, उजवा, सराउंडचे दोन, आणि एक सबवूफर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे समोरच्या मधल्या स्पीकरपासून कोन मोजला तर सराउंडची जागा दोन्ही बाजूंना १०० ते १२० अंशांवर येते. म्हणजे आपल्या कानांच्या बाजूला, किंचित मागे. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात छताला चिकटून नव्हे. उंची बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा फूट-दोन फूट जास्त. ७.१ ला पाठीमागे आणखी दोन लागतात आणि त्यांना सोफ्यामागे मोकळी जागा लागते. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ते दोन घेऊच नका. उलट सोफाच फूटभर पुढे ओढता आला तर बघा. तेही जमत नसेल तर सराउंड थेट कानांच्या बाजूच्या भिंतींवर लावा. स्पीकर फारच जवळ येत असेल तर बायपोल जातीचा बघावा. त्यात आवाज दोन दिशांना फेकला जातो, त्यामुळे पेटी कानाशी बोलत बसत नाही. पुढचे आणि मागचे स्पीकर शक्यतो एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले असावेत, नाहीतर पुढून मागे जाणारी गाडी वाटेत इंजिन बदलते. आणि खोक्यावर पीएमपीओ वॉट छापलेले दिसले तर तो आकडा विसरा, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा.

आता मूळ तक्रार. सराउंड म्हणजे दणका, अशी समजूत या दुकानांनी करून दिली आहे. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ आला. ७० मिमीचा पडदा, सहा ट्रॅकचा स्टिरिओफोनिक आवाज. त्यात गोळीबार आहे, डाकूंचे घोडे आहेत, आगगाडी आहे. पण तो थिएटरात बघितलेली माणसं आजही सांगतात ती गोष्ट नाण्याची. जयनं उडवलेलं नाणं पडल्याचा आवाज आला की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे. एका नाण्यानं माणसाला खाली वाकायला लावलं, कारण ते कुठे पडलं हे कानाला कळलं. सराउंड स्पीकरचं काम एवढंच आहे, आवाजाला जागा देणं. ते नीट झालं तर स्पीकर कुठे टांगलेत हे विसरायला होतं.

एका दुकानात एक तरुण मुलगा होता, त्याला मी म्हटलं, ‘दादा, एखादा मराठी चित्रपट लाव, पावसाचा.’ त्यानं शोधून लावला. सराउंड वर ब्रॅकेटवर होते, तोंड खाली केलेलं. पाऊस सुरू झाला आणि दोन पेट्यांतून दोन वेगळे पाऊस यायला लागले, डावा निराळा, उजवा निराळा, मध्ये कोरडं. तेच स्पीकर आम्ही खाली स्टँडवर ठेवायला लावले, कानाच्या थोडे वर. तोंडं एकमेकांकडे वळवली, रिसीव्हरच्या मेनूत जाऊन त्यांचा आवाज दोन डेसिबलनं उतरवला. पुन्हा तेच दृश्य लावलं. आता पाऊस सगळीकडे होता. पुढे कौलांवर पडत होता, मागे पागोळ्या गळत होत्या आणि त्यातून आईचं मुलाशी बोलणं स्वच्छ कळत होतं. भाचा म्हणाला, ‘मामा, हेच स्पीकर होते का मगाशी?’ हेच होते. त्या मुलानं स्वतःहून माझ्या शेजारी बसून ते दृश्य पुन्हा ऐकलं. त्याला आजवर कोणी ऐकायला बसवलंच नव्हतं, फक्त विकायला उभं केलं होतं.

या सगळ्यात मला काळजी ताईची, म्हणजे भाच्याच्या आईची. ती सत्तरीच्या पुढची. संध्याकाळी टीव्ही तीच बघते. आणि दर दोन वाक्यांनी विचारते, ‘काय म्हणाला रे तो?’ तिचे कान वयाच्या मानानं चांगले आहेत. दोष टीव्हीचा आहे. टीव्ही बोटभर जाडीचा झाला, त्यातले स्पीकर खालच्या बाजूला नाहीतर पाठीमागे गेले. आवाज भिंतीवर आणि टीव्हीच्या टेबलावर आपटून येतो. त्यात हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स, काचेचं दार, पडदे अजून लागायचे आहेत. शब्दातला ‘स’, ‘त’, ‘ख’ अशा खोलीत विरून जातो. मग आवाज वाढवायचा. मग मारामारी आली की धावत कमी करायचा. घरोघरी संध्याकाळभर रिमोट हातातून सुटत नाही, तो यामुळे.

यावरचा उपाय मागच्या स्पीकरात नाही. संवाद जवळपास सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. पैसे तिथे घाला. तो टीव्हीच्या कपाटात आत ढकलू नका, कडेपर्यंत पुढे आणा आणि बसणाऱ्याच्या कानाकडे तोंड करा. जाड पडदे लावा, सोफ्यापुढे एक सतरंजी टाका. या दोन गोष्टींना स्पीकरच्या मानानं किरकोळ खर्च येतो आणि ताईला शब्द कळतो.

आणि आवाज नीट ऐकायचा असतो हे पुण्यात सांगावं लागतं याचं मला जास्त वाईट वाटतं. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू झाली आणि १९३३ मध्ये इथे आली. त्याच प्रभातनं १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढला. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या मुलीची गोष्ट, शांता आपटे आणि केशवराव दाते. त्यात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज वापरले. भारतात बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. आवाज मिळाला म्हणून जो तो त्यात गाणी आणि वाद्यं भरत होता, तेव्हा या माणसाला घड्याळाची टिकटिक पुरेशी वाटली. प्रभातच्या त्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि आजही तिथे ध्वनिमुद्रण शिकवलं जातं. ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनीसाठी २००९ मध्ये ऑस्कर घेणारे रसूल पुकुट्टी तिथलेच विद्यार्थी.

‘सैराट’ आठवा. अजय-अतुलचा एवढा मोठा वाद्यवृंद आख्खा चित्रपट भरून आहे, आणि शेवटी ते लहान मूल बाहेर येतं तेव्हा नागराज मंजुळे यांनी आवाज काढूनच घेतला. थिएटरात त्या क्षणी कोणी पॉपकॉर्नही चावत नव्हतं. ज्या सिस्टिमवर पंख्याएवढी घरघर सतत चालू असते, सबवूफर उगीच गुरगुरत असतो, तिच्यावर ती शांतता घरी पोचतच नाही. आमचे चित्रपटवाले एक-एक आवाज वेचून ठेवतात आणि आम्ही ते हेलिकॉप्टर ऐकून घेतलेल्या पेट्यांतून ऐकतो, हे मला पटत नाही.

सबवूफरवरून आठवलं, खालच्या मजल्यावर कोणीतरी राहतं. तो जमिनीवर थेट ठेवू नका, खाली जाड रबर किंवा फोमची गादी द्या आणि रात्री दहानंतर आवाज उतरवा.

भाच्याला मी सांगितलंय तेच तुम्हालाही सांगतो. दुकानात जाताना आपल्या ओळखीचा चित्रपट घेऊन जा, त्यातली कुजबुज लावायला सांगा आणि लावत नसतील तर दुसरं दुकान बघा. बजेट पुरत नसेल तर पुढचे तीन आणि सबवूफर आत्ता घ्या, मागचे दोन पुढच्या दिवाळीला आले तरी चालतील. फक्त त्यांच्या वायरींचे पाइप रंगकामाच्या आधी भिंतीत टाकून ठेवा. आणि वायरलेस घेणार असाल तर तिथे प्लगही काढून घ्या. वायरलेस स्पीकरलाही वीज लागतेच, ते दुकानात कोणी सांगत नाही.