तीन तासांचे व्हेनिस

माझी आत्या प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झाली. फंडाचे पैसे हाती आल्यावर घरातल्या प्रत्येकाने तिला सल्ला दिला. कोणी म्हणाले जागा घे, कोणी म्हणाले बँकेत ठेव. आत्याने सर्वांचे शांतपणे ऐकून घेतले आणि युरोपच्या सहलीचे पैसे भरले. दहा दिवसांत सहा देश!

ती मे २०२४ मध्ये जाऊन आली. आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो, चॉकलेटे वाटली गेली, मोबाइलवरचे फोटो पाहून झाले. मी विचारले, "आत्या, व्हेनिस कसे आहे गं?" ती जरा थांबून म्हणाली, "गर्दी होती." मग म्हणाली, "एका पुलाच्या पायऱ्यांवर आमचा ग्रुप फोटो चालला होता. खाली एक म्हातारी बाई भाजीची पिशवी घेऊन उभी होती, आमचे आटोपण्याची वाट बघत. आपल्या गल्लीत वरात अडकली की दुधाची पिशवी हातात घेऊन आपण कशा उभ्या राहतो, तशी."

सहा देशांतून आत्याने आणलेले हे एकच वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख. मी स्वतः परदेश पाहिलेला नाही. माझ्याजवळ पासपोर्टसुद्धा नाही. पण हिशेब मांडायला पासपोर्ट लागत नाही, आणि मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे.

व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्याही खाली आली. तिथल्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत रहिवाशांची संख्या दाखविणारा फलक २००८ मध्ये लावला गेला. आपल्याकडे दुकानात आजचा सोन्याचा दर लिहितात, तिथे उरलेल्या माणसांचा आकडा! १९६६ च्या महापुराने, ओलसर घरांनी आणि पलीकडच्या नोकऱ्यांनीही माणसे हलली, हे खरे. पण आणखी एक कारण आहे. महिन्याच्या भाड्याने कुटुंब ठेवण्यापेक्षा रात्रीच्या भाड्याने पाहुणे ठेवले तर घरमालकाला जास्त मिळते. कुटुंब गेले की किराणा दुकानाचे गिऱ्हाईक जाते, आणि त्या जागी मुखवटे व शोभेच्या वस्तू विकणारे दुकान येते. मग उरलेल्या म्हातारीला भाजीसाठी चार पूल जास्त चढावे लागतात. व्हेनिसमध्ये रिक्षा नाही, स्कूटर नाही. पाय किंवा होडी, एवढेच.

ह्यावर तिथल्या नगरपालिकेने २५ एप्रिल २०२४ पासून एक उपाय करून पाहिला. त्या वर्षी गर्दीचे २९ दिवस ठरवून, दिवसापुरते येऊन जाणाऱ्यांकडून माणशी पाच युरो घेतले. २०२५ मध्ये दिवस ५४ केले आणि आयत्या वेळी पैसे भरणाऱ्यांना दर दुप्पट, म्हणजे दहा युरो केला. पाच युरो म्हणजे साधारण साडेचारशे-पाचशे रुपये. आता सांगा, ज्याने सहलीसाठी दोन-तीन लाख मोजले, तो पाचशे रुपयांसाठी मागे फिरेल काय? आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला पहिल्याच महिन्यात शिकवतात की एकूण खर्चाच्या मानाने किंमत किरकोळ असली तर मागणी हलत नाही. शहराच्या तिजोरीत पैसे पडले. पुलावरची म्हातारी होती तिथेच राहिली.

तरीही ह्या नियमातली एक सूट मला फार बोलकी वाटते. जो शहरात रात्री मुक्काम करतो, त्याला हे पाच युरो द्यावे लागत नाहीत. मुक्कामाचा कर तो वेगळा देतोच. म्हणजे त्या शहराचे म्हणणे "येऊ नका" असे नाही. "आलात तर राहा" असे आहे. आपल्याकडेही दारातून परत जाणाऱ्याला आपण "अहो, बसा तरी" असे म्हणतोच की!

माझी एक मैत्रीण ह्यावर चिडली. म्हणाली, "वारंवार जाणाऱ्या श्रीमंतांना हे सांग. तुझ्या आत्याला आयुष्यात एकदाच संधी मिळाली. तिने सहा देश बघितले तर तुझे काय गेले?" तिचे म्हणणे मला टोचले, कारण ते खरे आहे. चौतीस वर्षे खडू झिजवणाऱ्या बाईला "तू गर्दी करतेस" असे म्हणण्याचा हक्क मला नाही. माझे म्हणणे उलट आहे. त्या सहलीत आत्याचेच नुकसान झाले. दहा दिवसांतला बराच वेळ बसमध्ये गेला. व्हेनिसच्या वाट्याला आले तीन तास. तेवढ्याच दिवसांत, तेवढ्याच पैशांत दोन देश पाहिले असते, तर व्हेनिसमध्ये दोन रात्री मिळाल्या असत्या. जुन्या शहरातली खोली महाग पडते हे कबूल. पण चार देशांचा प्रवास वाचतो, तोही हिशेबात धरा. संध्याकाळी दिवसाची गर्दी ओसरल्यावर कदाचित त्याच बाईशी दोन खुणांचे बोलणे झाले असते.

हे एकट्या व्हेनिसचे नाही. ऑस्ट्रियातले हॉलस्टॅट हे तळ्याकाठचे गाव आठशेसुद्धा वस्तीचे नाही. गर्दीच्या दिवशी तिथे दहा हजार माणसे उतरतात. २०२३ मध्ये गावकऱ्यांनी फोटोच्या जागेसमोर लाकडी कुंपण घातले, आणि ओरड झाल्यावर काढले. आपलेच सुंदर तळे झाकावेसे वाटणे, ह्याहून त्रासाची दुसरी खूण कोणती?

आपल्या बेळगावात काही काळ प्राध्यापक असलेले पु. ल. देशपांडे पुढे इंग्लंडला गेले ते शिकायला, आणि तिथे राहिले. म्हणून 'अपूर्वाई'त इमारतींइतकीच माणसे भेटतात. तीन तासांत फोटो मिळतो. माणूस भेटायला मुक्काम लागतो.

ह्याच अंकाच्या कन्नड विभागातले माझे मित्र एक म्हण नेहमी ऐकवतात: "कोश ओदु, देश सुत्तु." ग्रंथ वाच, देश फिर. कोणी कोणी 'सुत्तु'च्या जागी 'नोडु' म्हणतात, म्हणजे पाहा. फिरणे आणि पाहणे ह्यांत काय अंतर आहे, ते आत्याच्या एका वाक्याने मला शिकवले. नोकरी लागली की मी पासपोर्ट काढणार आहे. आत्याला घेऊन पुन्हा व्हेनिसला जायचे आहे. देश एकच, पण मुक्काम आठ दिवसांचा. आणि पुलावर फोटो काढण्याआधी मागे वळून पाहायचे, की पिशवी घेऊन कोणी उभे तर नाही ना.