साबुदाणा सोवळा, सुकट ओवळी

गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या सोसायटीत आनंद मेळावा भरला. विषय होता 'आपली महाराष्ट्रीय खाद्यसंस्कृती'. बायकांनी घरचे पदार्थ करून स्टॉल लावायचे. बहिणीनं हौसेनं नाव दिलं आणि यादी पाठवली: ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, हुलग्याचं माडगं, जवसाची चटणी आणि सुकट. दोन दिवसांनी फोन आला. "ताई, बाकी सगळं छान आहे हो, पण तेवढी सुकट नको. वास येतो. सगळ्यांना चालेल असं ठेवा ना काहीतरी."

मेळाव्याच्या दिवशी तिथं मोमो होते, मंचुरियन होतं, पिझ्झा होता. सगळ्यात लांब रांग साबुदाणा वड्यापुढं. महाराष्ट्रीय खाद्यसंस्कृतीत तिबेटच्या बाजूचा मोमो बसला, इटलीचा पिझ्झा बसला. कोकणच्या किनाऱ्यावर वाळवलेली, बाजारातून मराठवाड्याच्या आठवडी बाजारापर्यंत पोचलेली आणि आमच्या चार पिढ्यांनी भाकरीवर घेऊन खाल्लेली सुकट मात्र बाहेरची ठरली.

मोमोला माझा विरोध नाही. पोरं आवडीनं खातात, मीही खातो. माझं भांडण 'सगळ्यांना चालेल' या शब्दांशी आहे. हे सगळे म्हणजे कोण?

आता तो साबुदाणा वडा जरा फोडून बघू. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. आपण वापरतो तो 'बटाटा' शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. हिरवी मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली. सोळाव्या शतकाआधी या देशात कुणाच्याच आमटीत मिरची नव्हती, पेशव्यांच्या पूर्वजांच्याही नाही. आणि साबुदाणा? तो ज्या कंदापासून बनतो तो ब्राझीलकडचा. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरच्या राजानं गरिबांचं पोट भरावं म्हणून त्याच्या लागवडीला जोर दिला. आज त्या कंदाच्या पिठाचे दाणे तमिळनाडूत सेलमच्या कारखान्यांत तयार होतात आणि एकादशीला आपल्या ताटात येतात. रताळंही अमेरिकेतलंच. उपवासाच्या ताटात भगर तेवढी इथली म्हणता येईल.

म्हणजे धर्मानं सांगितलेल्या उपवासाच्या दिवशी इथं पिकणारी ज्वारी चालत नाही, तूर चालत नाही, आणि समुद्रापलीकडून आलेला कंद चालतो. ज्या धर्मशास्त्रानं समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला प्रायश्चित्त घ्यायला लावलं, त्याच शास्त्राच्या स्वयंपाकघरात समुद्र ओलांडून आलेला बटाटा सोवळ्यात बसला. कुणी ठराव केला नाही, कुणी शुद्धीकरण केलं नाही. खाणारे वरचे होते, एवढं पुरलं.

याच्या उलट गोष्ट मिलोची. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून लाल ज्वारी आली, तिला लोक मिलो म्हणायचे. माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिथं मिळायची सुकडी, घरी मिलोची भाकरी. ती थापताना तुटायची, घशात टोचायची. बटाटाही अमेरिकेतला, मिलोही अमेरिकेतला. एक उपवासाला जाऊन बसला. दुसऱ्याचं नाव आजही आमच्या घरात कुणाच्या गरिबीची टिंगल करायची असेल तरच निघतं. आजी त्याच वर्षी आजोबांसोबत मुंबईला आली. माटुंगा लेबर कॅम्पात तिच्या चुलीवर गावाकडचा येसूर, शेजारच्या कोकणातल्या बाईनं शिकवलेलं सुक्या बोंबलाचं कालवण आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव एकत्र आले. आम्ही 'घरचं जेवण' म्हणतो ते असं तयार झालं. जे मिळालं ते, ज्यानं शिकवलं त्याचं. हे कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात नाही. का नाही?

कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आपल्या घराला महाराष्ट्र म्हटलं. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्यावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं ते २०१५ साली. रक्ती, वजडी, चान्या, कण्या हे शब्द त्यात जसेच्या तसे आहेत. छापील मराठी दोनशे वर्षांची झाली, आणि आमच्या चुलीला पुस्तक मिळायला एवढा वेळ लागला.

आता आपल्याच माणसांशी बोलायचं आहे, आणि हे जास्त अवघड आहे.

चळवळीतले ज्येष्ठ मला म्हणतात, "हे कशाला उकरून काढतोस? बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आपण सोडलं. आता चान्यांचं कौतुक करायचं का?" प्रश्न रास्त आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ते सांगितलं, आणि आमच्या पणजोबांनी ते ऐकलं याचा मला अभिमान आहे. पण त्यांनी काय सोडायला सांगितलं ते नीट बघा. गावातलं मेलेलं ढोर ओढणं हे महारावर लादलेलं काम होतं, त्याचं मांस ही त्या गुलामीची मजुरी. ती मजुरी नाकारा, हा तो आदेश. वरच्या जातीचं ताट उचलून आपल्या घरात आणा, असं त्यांनी कुठं सांगितलं? १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी उलट ब्राह्मणांच्याच गोमांसभक्षणाचा इतिहास मांडला आणि बौद्ध धर्माशी झालेल्या संघर्षात ते कसं सुटलं ते सांगितलं.

आम्ही मात्र गुलामीसोबत आठवणही टाकून दिली. माझी आजी मरेपर्यंत चान्या हा शब्द माझ्या बायकोसमोर उच्चारत नसे. मांस एकदम मिळायचं, साठवायला काही नसायचं, म्हणून लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायच्या, पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून घ्यायच्या. हे उपासमारीतून काढलेलं शहाणपण आहे. त्याची लाज तिला कुणी शिकवली? २०१५ साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, गाईवर ती १९७६ च्या कायद्यापासून होतीच. त्या वेळी आमच्यातले कित्येक शिकलेले लोक गप्प बसले, कारण बोललं तर 'तुम्ही खाता का?' हा प्रश्न येणार होता. हो, खात होतो. काही जण आजही म्हशीचं खातात. काहींनी मांसच सोडलं, तोही त्यांचा हक्क. पण सोडणारानं स्वतःच्या विचारानं सोडावं, शेजारी नाक दाबतो म्हणून नव्हे.

बहिणीनं त्या मेळाव्यात स्टॉल लावला नाही. नवऱ्याला वाटत होतं, सुकट वगळून बाकीचं ठेव, उगाच सोसायटीत वाद नको. तिनं ऐकलं नाही आणि दोघांचं आठवडाभर बोलणं बंद होतं. यंदा १४ एप्रिलला आमच्या नगरातल्या विहारासमोर तिनं टेबल मांडलं. सुकट, भाकरी, माडगं. दुपारी दोनच्या आत पातेलं रिकामं झालं. तिच्या सोसायटीतल्या तीन बायका आल्या होत्या. एकीनं हळूच विचारलं, "थोडी सुकट डब्यात देशील का? आमच्याकडे सासूबाई असताना करता येत नाही."