ट्रंकेतला वस्तरा भंगारात घालण्यापूर्वी

पेण-रोह्याकडे घर आवरायला काढले की माळ्यावरची जुनी ट्रंक खाली येते. तीत कधी आजोबा-पणजोबांचा दुमडता वस्तरा निघतो. भंगारवाला त्याला लोखंडाच्या भावाने तोलतो. बंधू-भगिनींनो, देण्याआधी तो वस्तरा वाचा.

गावचा न्हावी आपल्या माणसांना हात लावत नव्हता. साताऱ्यात लहानपणी आपले केस थोरली बहीण कापत असे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणून आपल्या घरातला वस्तरा ही चैन नव्हती, ती गरज होती.

आता तो वाचायचा कसा? पाते जिथे खिळ्याने मुठीत बसवलेले असते, तिथे भिंगातून पाहा. ‘शेफील्ड’ असेल तर माल इंग्लंडचा, ‘सोलिंगेन’ असेल तर जर्मनीचा. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. तेव्हापासून कारखानदार ‘इंग्लंड’, ‘जर्मनी’ असे सर्रास ठोकू लागले. नुसते गावाचे नाव असेल तर वस्तरा त्याआधीचा असण्याचा संभव आहे. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर तो १९४९ नंतरचा. मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ ही इंग्रजी अक्षरे म्हणजे बहुधा राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१.

पाते पाचरीसारखे जाड असेल तर ते जुन्या धाटणीचे. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेले पाते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. मुठीवर मात्र फार विसंबू नका. शिंगाची मूठ फुटली की दुसरी बसवीत. काहीच खूण नसेल तर तो लोहाराच्या हातचाही असू शकतो.

बाणाच्या टोकासारखी खूण ही ब्रिटिश सरकारी मालाची. सोबत आकडे असतील तर तो शिपायाचा नंबर असू शकतो. १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली; महार रेजिमेंट १९४१ ची. घरात पलटणीचे कागद असतील तर नंबर ताडून पाहा.

राख, पॉलिश पेपर, लिंबू लावू नका. गंजाबरोबर अक्षरेही जातात. खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वस्तरा कोणाचा, गाव कोणते, पलटण कोणती, हे वहीत लिहा. पात्यावर कारखान्याचे नाव आहे, ते वापरणाऱ्याचे नाही. ते आपणच लिहायचे आहे.

जय भीम!