नटाचा खरा चेहरा

मी अंधेरीचा रहिवासी. आमच्या अंधेरीने चित्रपटांचे स्टुडिओ पोसले. आजही इथल्या रस्त्यांवर नटनट्यांचे मजला-दीड मजला उंचीचे चेहरे टांगलेले असतात. त्यांतल्या एकाही चेहऱ्यावर सुरकुती नाही, तीळ नाही. घाम तर नाहीच नाही. पण फलक बनवणाऱ्याला बोल लावून भागणार नाही. ही खोड आपली, प्रेक्षकांची आहे आणि चांगली जुनी आहे.

नटाचे चित्र कसे असावे, हे जपानच्या काबुकी रंगभूमीपासून शिकावे. १६२९ साली तिथल्या सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी केली आणि पुढे स्त्रीभूमिका पुरुषांकडे आल्या. लोक या नटांवर जीव टाकीत, त्यांची लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे विकत घेत. चित्रकाराने रेखाटावे, कोरणाऱ्याने ते चेरीच्या लाकडात उतरवावे आणि छापणाऱ्याने रंगागणिक वेगळा ठसा वापरावा, अशी रीत. १७९४ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, शाराकू नावाचा चित्रकार उगवला. दहाएक महिन्यांत त्याने सुमारे १४० चित्रे केली. स्त्रीवेषातल्या नटाचे चित्र काढताना त्याने रंगाखालचा पुरुष लपवला नाही. बाईचा साज आणि पुरुषाचा चेहरा दोन्ही एकाच कागदावर!

बरोबर १०० वर्षांनी, १८९४ साली, राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला. तो काही काळ आमच्या उपनगरातल्या घाटकोपरलाच होता. १८९९ साली मळवलीला गेला. त्याने घराघरांत देवदेवता पोहोचवल्या. म्हणजे छपाईची कला आपल्याकडे होती. स्त्रीवेष घेणारे नट होते, आणि त्यांच्यावर लुब्ध झालेले प्रेक्षक तर किती! बालगंधर्वांसारखे नेसावे म्हणून बायका धडपडत. पण आपण जपले ते त्यांच्या तरुणपणीचे लावण्य. पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीभूमिका करीत, तेव्हाचा चेहरा कुणाच्या दिवाणखान्यात दिसला आहे का?

कुणी म्हणेल, ज्याच्यावर प्रेम करायचे त्याचे वय कशाला मोजायचे? अहो, मोजायलाच हवे! उपजत रूप ही देवाची देणगी. त्यात नटाचे कर्तृत्व ते काय? थोराड देहाने, उतरत्या वयात, नऊवारी सावरीत प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे तरुण सिंधू उभी करणे, हे कर्तृत्व. तो देह, ते वय चित्रातून पुसून टाकले, तर कलाच पुसली गेली. ज्याला आपण भक्ती म्हणतो, ती नटाच्या मेहनतीची हेटाळणी आहे.

जपानी लोक आपल्याहून शहाणे होते, असेही माझे म्हणणे नाही. शाराकूने नटांना फार खरे रंगवले, म्हणून तो टिकला नाही, असे त्याच्या काळाजवळच्या जाणत्यांनी लिहून ठेवले आहे. १७९५ साली तो दिसेनासा झाला. पण त्याला छापणारा त्सुताया जुझाबुरो नावाचा एक प्रकाशक तरी निघाला. म्हणून ते नट आज २०० वर्षांनंतरही आपल्याकडे रोखून पाहतात.

तेव्हा वाचकहो, चित्रकाराला, छायाचित्रकाराला, आणि हो, दिवाळी अंकांच्या संपादकांनाही सांगा: आम्हांला गुळगुळीत चेहरा नको, नट दाखवा. मागणारे निघाले, तर छापणारेही निघतील.