सासू नसलेली सिरीयल

मराठी सिरीयलमधला खलनायक ओळखायला फार डोकं लागत नाही. जिच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा झूम होतो आणि मागे ढँण् ढँण् वाजतं, ती! बहुतेक वेळा सासू, नाहीतर जाऊ, अगदीच कोणी नसेल तर नवऱ्याची जुनी मैत्रीण. तिचा डाव उघडा पडला की प्रश्न सुटला.

पण आपल्या सातारा-सांगलीचा एक प्रश्न असा आहे की तो या साच्यात बसतच नाही. तो बसेल असा साचा मला एका इंग्रजी कादंबरीत दिसला, आणि तीही चक्क सायन्स फिक्शनमध्ये.

कादंबरीचं नाव 'द हँडमेड्स टेल'. कॅनडाच्या मार्गारेट ॲटवूड यांनी ती १९८५ साली लिहिली. अमेरिकेत एक कट्टर धार्मिक गट सत्ता बळकावतो आणि 'गिलियड' नावाचं राज्य स्थापन करतो. प्रदूषण आणि रोगांमुळे मुलं जन्माला येणं कमी झालेलं असतं. म्हणून ज्या बायकांना मूल होऊ शकतं त्यांना सरकारी अधिकाऱ्यांच्या घरी वाटून दिलं जातं, फक्त मूल जन्माला घालायला. 'यात यान नाही, रोबो नाही, मग हे सायन्स फिक्शन कसलं?' असं कोणी म्हणेल. ॲटवूडबाई स्वतःही या कादंबरीला वेगळं नाव देतात, 'स्पेक्युलेटिव्ह फिक्शन'. पण सायन्स फिक्शनसाठीचा पहिला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार १९८७ साली हिलाच मिळाला. शिवाय कॉम्प्युटरवाल्यांनी लक्ष द्यावं असं एक प्रकरण त्यात आहे. एका दिवसात देशातल्या सगळ्या बायकांची बँक खाती बंद होतात. का जमतं? तर सगळा पैसा कॉम्प्युटरवर आणि प्रत्येक खात्यावर बाई की पुरुष याची नोंद. एक कमांड आणि काम तमाम! हे १९८५ साली लिहिलंय, बरं का.

लिहिताना बाईंनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. जगात कुठे ना कुठे, कधी ना कधी जे घडलेलं नाही, ते पुस्तकात घ्यायचं नाही.

या कादंबरीवरची सिरीयल 'हुलू'वर २०१७च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. त्याच वर्षी तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. लाल झगा आणि पांढरा टोप हा तिचा वेष घालून देशोदेशीच्या बायका मोर्च्यात उतरल्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे असल्या टोपाचं मला फारसं नवल नाही. नवल वाटलं ते तारखेचं. एप्रिल २०१७ मध्ये जग टीव्हीसमोर बसून 'असं खरंच झालं तर?' म्हणत होतं. त्याच्या आदल्या महिन्यात, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ गावात गर्भपातानंतर एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला होता आणि पोलीस तपासात १९ भ्रूणांचे अवशेष जमिनीतून बाहेर निघाले होते.

म्हणजे ॲटवूडबाईंच्या नियमात बसणारा ऐवज आपल्याकडे आयताच आहे. फक्त उलटा. गिलियडमध्ये मूल होत नाही म्हणून बाईच्या गर्भावर सत्ता. आपल्याकडे मूल होतंय, पण 'कोण' होतंय त्यावर सत्ता.

सायन्स फिक्शनला लागणारं यंत्रही आहे. सोनोग्राफी! लिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, देशात सगळ्यांत आधी. केंद्राचा कायदा १९९४चा. तरी २००१च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती? साताऱ्यात ८७८, सांगलीत ८५१, शेजारच्या कोल्हापुरात ८३९. निसर्गाचा हिशोब साधारण ९५०चा आहे. आणि हा काही अडाणी, उपाशी मुलूख नव्हे. कृष्णाकाठचा ऊस, साखर कारखाने, गावोगावी शाळा-कॉलेज असलेला पट्टा आहे. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव सातारा जिल्ह्यातलंच!

आता नावाची गोष्ट. कादंबरीत नायिकेला 'ऑफ्रेड' म्हणतात. म्हणजे 'फ्रेडची', ज्या अधिकाऱ्याच्या घरी ती आहे त्याची. तिचं खरं नाव पुस्तकात शेवटपर्यंत स्पष्ट सांगितलेलं नाही. १९९० साली निघालेल्या सिनेमात तिला केट नाव दिलं. सिरीयलमध्ये पहिल्याच भागाच्या शेवटी ती 'माझं नाव जून' असं सांगते. पडद्याला बिननावाची नायिका चालत नाही बहुतेक.

आपल्याला यात काय नवीन? आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने मुलीचं नवं नाव लिहितात आणि सगळे कौतुकाने बघतात. पण त्याच्याही पुढची गोष्ट साताऱ्याची. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव 'नकुशी' किंवा 'नकुसा' ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. शाळेत रोज हजेरीला 'नकुशी' म्हटल्यावर 'हजर' म्हणायचं, ही कल्पना ॲटवूडबाईंनाही सुचली नसती.

टीव्हीवाल्यांना मात्र ते नाव सापडलं. २००९ साली 'कलर्स'वर 'लागी तुझसे लगन' आली. नायिकेचं नाव नकुशा. तिचं रूप गुंडांच्या नजरेस पडू नये म्हणून आईने तिचा चेहरा काळा केलेला. पुढे सगळी कथा एका भाईच्या प्रेमाची झाली. २०१६ साली 'स्टार प्रवाह'वर 'नकुशी... तरीही हवीहवीशी' आली. कुणाला हवीहवीशी, हे नावात नाही. पण हवी की नको ते ठरवणारं दुसरंच कुणीतरी आहे, हे नावातच आहे. २०२० साली 'मुलगी झाली हो' आली, तिचं चित्रीकरण तर आपल्याच सातारा जिल्ह्यात चाललं होतं. बोलू न शकणारी, बापाला नको असलेली मुलगी, आणि प्रेक्षक वाट बघतायत की बाप तिला जवळ कधी घेणार! गंमत म्हणजे याच नावाचं नाटक ज्योती म्हापसेकरांनी लिहिलं आणि स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ पासून गावोगावी केलं. ते नाटक बापाच्या हृदयपरिवर्तनाची वाट बघत बसलं नव्हतं, ते थेट समोर बसलेल्यांना जाब विचारत होतं.

माझी तक्रार सिरीयलवाल्यांच्या हेतूबद्दल नाही. साच्याबद्दल आहे. आपण लॅबमध्ये फॉल्ट शोधतो तेव्हा एकेक ब्लॉक तपासतो. कधीकधी प्रत्येक ब्लॉक ओके निघतो आणि आउटपुट तरीही चूक येतं. इथे तसंच आहे. एजंट म्हणतो, मी फक्त पत्ता सांगितला. गाडीवाला म्हणतो, मी भाडं मारलं. डॉक्टर म्हणतो, मी नाही केलं तर दुसरा करेल. आजोबा म्हणतात, आमचं काय, जमिनीला वारस पाहिजे. बाप हुंड्याचा आकडा दाखवतो. आणि पहिल्या दोन मुलींची आई स्वतःच म्हणते, मला परत ते टोमणे नकोत. प्रत्येकाजवळ आपापलं उत्तर तयार. यात सासूला खलनायिका केलं की बाकीचे सगळे सुटले!

'हँडमेड्स टेल'ची ताकद इथेच आहे. त्यात 'आंटी' म्हणवणाऱ्या बायका बायकांनाच शिस्त लावतात, साहेबांच्या बायका गप्प राहतात, ड्रायव्हर गाडी चालवतो. एकेकाचा वाटा छोटा, पण राज्य चालतं.

मराठीत हे करायला कच्चा माल भरपूर आहे. कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुखांनी सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं यंत्र जोडायला लावलं. ते प्रत्येक तपासणीची नोंद ठेवतं. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयानेही त्याला हिरवा कंदील दिला. गर्भात बघणारं एक यंत्र आणि त्या यंत्रावर नजर ठेवणारं दुसरं यंत्र! आणि तरीही डॉक्टर तोंडाने नुसतं 'पेढे' किंवा 'बर्फी' म्हणाला तर कोणता सेन्सर ते पकडणार? एक अख्खा एपिसोड आहे हा. देशमुखांनी याच विषयावर 'सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी' हा कथासंग्रहही लिहिलाय. शेवटच्या एपिसोडसाठी सोलापूर घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. मागणी काय, तर बायको मिळत नाही आणि लिंगनिदानाचा कायदा नीट राबवा.

फक्त दोन अटी. एक, सहा-आठ भागांत संपवा. 'हँडमेड्स टेल'सुद्धा पहिल्या सीझनमध्ये पुस्तक संपल्यावर २०२५ पर्यंत सहा सीझन चालली. माझ्या मते तिथेच ती घसरली. जून पळते, पकडली जाते, पुन्हा पळते... राज्य मागे पडलं आणि नायिका उरली. दुसरी अट, शेवटी कुणी कुणाला माफ करून मिठी मारायची नाही.

लोक बघतील का? सांगलीकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीता स्वयंवर' केलं. म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीवर 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल इथल्याच हरिपूरचे. १८९९ साली ते बघायला लोक आले, ते काय फक्त गाण्यांसाठी? 'जिल्ह्याची बदनामी होईल' असंही कोणी म्हणेल. साताऱ्याने २८५ नावं भर समारंभात बदलली. त्याने बदनामी झाली की अब्रू राखली गेली?

आणि हा विषय 'त्या काळातला' म्हणून सोडता येणार नाही. २०११च्या जनगणनेत साताऱ्यात ८९५ मुली होत्या, सांगलीत ८६७. त्या मोजणीत ० ते ६ वयाचे कोण होते? आपण! मी, तुम्ही, आपला अख्खा वर्ग. निसर्गाच्या हिशोबाने हजारामागे आणखी ऐंशी-एक मुली सांगलीत आज आपल्याबरोबर व्हायवाला लायनीत उभ्या असायला हव्या होत्या. मेकॅनिकलच्या वर्गात मुली इतक्या कमी का, यावर आपण खूप जोक मारतो. त्यातल्या काही जागा अ‍ॅडमिशनच्या वीस वर्षं आधीच रिकाम्या झाल्या होत्या.

गॅदरिंगला यंदा एकांकिका बसवायचीच आहे. स्क्रिप्ट शोधणाऱ्यांनी एवढं वाचलंच असेल, तर सासूचा रोल मात्र ठेवू नका!