बालकांचें आरोग्य आणि पेठेचें कर्तव्य

दानधर्मांत आमचा व्यापारीवर्ग कधींच मागें नव्हता. सणावारीं, पुण्यतिथीस गरीब वस्तींतील मुलांस केळीं, बिस्किटें, मिठाई वांटली जाते, आणि दात्याचें नांव फलकावर चढतें. ह्या औदार्याची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं तें मूल काय खातें, कोणतें पाणी पितें, त्याचें वजन वाढलें कीं घटलें, ह्याची चौकशी कोणी करितो काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत पांच वर्षांखालील मुलांपैकीं वाढ खुंटलेलीं मुलें २०१५-१६ सालीं शेंकडा ३४.४ होतीं, २०१९-२१ च्या पाहणींत तीं ३५.२ भरलीं. मधल्या काळांत योजना कांहीं थोड्या झाल्या नाहींत!

हें असेंच चालावयाचें, असें म्हणणाऱ्यांनीं अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेडचा इतिहास पाहावा. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य त्या अवर्षणग्रस्त भागांत जाऊन राहिलें. त्या सुमारास तेथें हजार जन्मांमागें १७६ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत. शतक संपेपर्यंत हा आंकडा तिसांच्या आंत आला. हा चमत्कार कोणा नव्या औषधानें केला नाहीं. गांवोगांव गांवकऱ्यांनींच एकेक बाई निवडली, बहुधा निरक्षर, पुष्कळदां दलित. तिला शिक्षण देऊन मुलांचीं वजनें घेणें, हगवण लागल्यास मीठसाखरेचें पाणी पाजणें, बाळंतिणीस सल्ला देणें हीं कामें सोंपविलीं. शेतकऱ्यांचीं व स्त्रियांचीं मंडळें तिच्या पाठीशीं उभीं राहिलीं. दुष्काळांत विंधनविहिरी खणावयाच्या तेव्हां त्या दलितवस्तींत व्हाव्यात असा यत्न झाला, म्हणजे पाण्यासाठीं सर्वांस तेथेंच यावें लागे. जिचा स्पर्श विटाळ मानला जाई, तीच बाई पुढें सवर्णांच्या घरीं पोर निजवून तपासूं लागली. आमच्या मतें मृत्यूचा आंकडा उतरण्यामागें ह्या गोष्टीचा वांटा औषधांहून कमी नाहीं.

गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं ३९ खेड्यांत केलेला प्रयोगहि तेंच सांगतो. १९९५ ते १९९८ ह्या काळांत गांवच्याच प्रशिक्षित स्त्रियांनीं घरोघर नवजातांची शुश्रूषा केली, व तुलनेच्या गांवांच्या मानानें तेथील नवजातांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले.

‘अंगणवाडी सरकारची, आपण कशास लक्ष घालावें?’ असें शहरांत सर्रास ऐकूं येतें. ती सरकारची आहे खरी, १९७५ पासून आहे, आणि सरकारची जबाबदारी आम्हांस तिळभरहि हलकी करावयाची नाहीं. पण ती भाड्याच्या कोंदट खोलींत भरत असेल, नळ कोरडा असेल, आणि पलीकडेच कोणाचें हवेशीर गोदाम रिकामें पडलें असेल, तर तो प्रश्न पेठेचाहि आहे. शिवाय वजनकांटा आणि खातेंवही ह्या दोन वस्तु व्यापाऱ्याहून अधिक कोणास कळतात? रोजमेळ जुळल्याखेरीज जो दुकानचा दिवा मालवीत नाहीं, त्यास चार महिने वजन न वाढलेलें मूल म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

मात्र दाता म्हणून जाऊन हुकूम सोडूं नयेत. काय उणें आहे हें त्या वस्तींतील आया जाणतात. प्रथम त्यांस विचारावें. पुढील महिन्याच्या वजनाच्या दिवशीं पेठेंतील दोनचार गृहस्थांनीं जवळच्या अंगणवाडींत जावें, सेविकाबाईंस व आयांस काय हवें तें पुसावें, आणि खोली, पाणी, कांटा ह्यांपैकीं काय देतां येईल तें तेथेंच ठरवावें.